नापास लेन्स

उमाकांत पाटणकरांनी आतापर्यंत चार लेन्स नापास केल्या होत्या, आणि आज पाचवी पास होते की काय या धास्तीने त्यांना सकाळचा नाश्ताही गेला नव्हता.

तसा माणूस वेडा नव्हता हो. सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढलेली. निवृत्त झाले, मग दोन वर्षांपूर्वी पत्नी विद्याताई गेल्या, आणि येलहंकाच्या फ्लॅटमध्ये हे एकटेच उरले. पुण्याच्या लेकीने, प्रांजलीने, कॅमेरा पाठवला. "बाबा, काहीतरी हॉबी लावून घ्या ना, प्लीज." पण फोटो काढायचे कुणाचे? माणसांना आधी विचारावं लागतं, इमारतींना नाही. म्हणून हे जुन्या इमारतींचे फोटो काढायला लागले. गल्ल्या अरुंद, मागे सरकायला जागा नाही. छप्पर घ्यावं तर दार कापलं जायचं. वाइड अँगल लेन्स पाहिजे म्हणून ते राजाजीनगरला महांतेशच्या दुकानात गेले.

महांतेश निपाणीकडचा, चाळिशीचा, तोंडाने भलताच बोलका. आडनाव ऐकल्याबरोबर मराठीत म्हणाला, "बसा की काका, चहा सांगतो." झालं! उमाकांतरावांनी स्टूल ओढून घेतलं. या कानडी मुलखात चाळीस वर्षं काढून कानडी कामापुरतं आलं होतं, मनातलं बोलण्यापुरतं नव्हे. बँकेत हिंदी. प्रांजलीचा फोन रविवारी दहा मिनिटं, त्यातली सात इंग्रजीत. विद्याताईंच्या मागे घरात मराठी शब्द ऐकू यायचा तो त्यांचा स्वतःचाच, गॅस बंद केला का म्हणून. इथे स्टुलावर बसून ते तासभर बोलले. विद्याताई रुसल्यावर भाजीत मीठ कसं मुद्दाम कमी घालायच्या, तेसुद्धा सांगून झालं.

मग दर शनिवारी तोच कार्यक्रम. समोरच्या तीनमजली इमारतीपुढे ट्रायपॉड मांडायचा, कॅमेरा काटेकोर सरळ करायचा, फोटो काढायचा, तो दुकानातल्या कॉम्प्युटरवर मोठा करायचा आणि पडद्यावर स्टीलची पट्टी ठेवायची. रेषा वाकली की नापास. पहिलीत अख्खी इमारत मावली, पण कडेच्या खांबांची पोटं सुटली. दुसरीचे कोपरे धुरकट. तिसरीचं आणि चौथीचंही काही ना काही निघालंच. प्रत्येकीचा रीतसर अहवाल, खाली सही, तारीख. ते कागद नाचवत महांतेश पुरवठादाराशी भांडायचा आणि माल परत पाठवायचा. "काकांनी पास केलं म्हणजे डोळं झाकून घ्यायचं," असं तो कुणालाही सांगायचा.

आणि पाचवी नेमकी चांगली निघाली. मेली कुठे वाकेचना! तीन फोटो झाले. पट्टी आडवी लावली, उभी लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेषा सरळ. चौतीस वर्षांत त्यांनी एकही चांगला नग नापास केला नव्हता, साहेबांनी दम दिला तरी नाही. पण ही घेतली की पुढच्या शनिवारी इथे यायचं कोणत्या तोंडाने? नुसतं बसायला? त्यांनी पेन काढलं. 'उजव्या कडेला वाक. नापास.' खाली सही केली, तारीख घातली.

"सरी, बरं काका," म्हणत महांतेशने लेन्स खोक्यात घातली. पट्टी लावून बघितलीसुद्धा नाही.

तेवढ्यात पवित्रा घाईघाईने आत आली. ही इमारतींचे फोटो काढूनच पोट भरायची, दुकानाची जुनी गिऱ्हाईक. तिची लेन्स सकाळी पडून फुटली होती आणि दुपारी एका नव्या वाचनालयाचे फोटो काढायचे होते, तिचं पहिलंच मोठं काम. तिची नजर खोक्यावर गेली. महांतेशने कानडीत सांगितलं, "ती नको, काकांनी नापास केलीय." आणि कपाटातून दुसरी काढली, त्या पोट सुटलेल्या पहिलीचीच बहीण. पवित्राचा चेहरा उतरला. तरी तिने पर्स उघडली.

उमाकांतरावांना ते बघवेना.

"थांब महांतेश. ती लेन्स चांगली आहे. मी खोटं लिहिलं." त्यांनी खोक्याकडे बोट केलं. "ती पास केली तर मला इथे यायला निमित्त उरलं नसतं रे. दुसरं कुणी नाही मला बोलायला."

पवित्राला मराठी कळत नव्हतं. ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. महांतेशने स्वतः पट्टी उचलली आणि पडद्यावर लावली. बराच वेळ लावून धरली.

"आणि आधीच्या चार?"

"त्या खरंच सदोष होत्या. विद्याची शपथ."

"त्या पुरवठादाराला मी काय काय बोललो काका, तुमच्या कागदावर."

उमाकांतराव घाईघाईने समजावू लागले, दुसरीचे कोपरे कसे होते, चौथीची कड कशी होती. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपण अहवाल देत नाही, गयावया करतोय.

पवित्रा पाचवी लेन्स घेऊन "थँक्यू अंकल" म्हणत पळाली. उमाकांतरावांनी ट्रायपॉडचे पाय मिटले, बॅग खांद्याला लावली, उगाच एकदा चेन उघडून पुन्हा लावली. दारात पोचले तरी महांतेश बिलाच्या पुस्तकातून वर बघेना. मग ते पायरी उतरताना मागून त्याचा आवाज आला, कानडीत.

"मत्ते बन्नी, सर."

पुन्हा या. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हेच म्हणायचा. उमाकांतरावांना आजवर कधीच म्हणाला नव्हता.