खोलीचं एक मिनिट

काकांचं "आठवत नाही" तिने अकराव्यांदा कापलं आणि माऊस टेबलावर आपटला. तीन तासांच्या मुलाखतीत आता जेमतेम काकांचा चष्मा आणि दादाचे प्रश्न उरले होते.

काका म्हणजे जळालेल्या कारखान्याचे वॉचमन. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं म्हणून आत नऊ बायका गुदमरून गेल्या. ते कुलूप कुणाच्या हुकमावरून लागलं, हे सांगू शकणारा एवढा एकच माणूस उरला होता. अख्खी फिल्म त्याच्या एका वाक्यावर अडली होती. आणि परवा काकांच्या मुलाने फोनवर निक्षून सांगितलं, बाबा पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसणार नाहीत, तुम्हीही घरी येऊ नका.

दादा तिचा थोरला भाऊ आणि फिल्मचा दिग्दर्शक. प्रश्न विचारायचा आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळा व्हायचा. समोरच्याने श्वास घेतला की याचा पुढचा प्रश्न तयार.

"जमतंय का काही?" त्याने दारातूनच विचारलं.

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"बसवशील गं तू काहीतरी."

"काय बसवू? माणसाला तोंड उघडू दिलंस का तू?"

तो चहा आणायला गेला. तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. तीन दिवस ती हेच गिळून बसली होती.

निदान कापलेल्या जागा तरी बुजवायला हव्या होत्या. त्यासाठी खोलीची शांतता लागते. मुलाखत संपली की सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसायचं, नुसत्या खोलीचा आवाज टिपून घ्यायचा आणि पुढे तो तुकड्यांच्या मधे भरायचा. माणसं कमी म्हणून त्या दिवशी आवाजाचं काम तिच्याचकडे होतं. तिने ती फाईल शोधली आणि हेडफोन चढवले.

वीसेक सेकंद फ्रिजची घरघर. मग काकांचा दबका आवाज, शेजारी बसलेल्या काकूंना विचारणारा.

"सांगून टाकू का गं?"

खुर्ची करकरली.

"टाका सांगून," काकू म्हणाल्या. "किती वर्षं पोटात ठेवणार?"

काकांनी घसा खाकरला.

"काका, बोलू नका ना प्लीज. मिनिट फुकट गेलं. पुन्हा पहिल्यापासून घेऊ."

आवाज तिचाच होता. चांगलाच वैतागलेला. तिने तो तुकडा तीनदा ऐकला. तेव्हाही हे सगळं तिच्या कानात पडलंच होतं, पण ती फक्त बिघडलेल्या शांततेवर चिडली होती. आता तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दादाने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला.

"मिळाली का शांतता?"

हेडफोनमधे फाईल पुढे चालूच होती. दुसऱ्या खेपेला काका सांगितल्याप्रमाणे गप्प बसले होते, पूर्ण एक मिनिट.

"हो," ती म्हणाली. "स्वच्छ मिळाली."