कोयत्याला तेल

उधव्याच्या वरच्या जंगलात मेलेली माणसं राहत, आणि गावात त्याचं कुणाला नवल नव्हतं. माणूस गेला की त्याचा कोयता तिथल्या एका झाडाला अडकवायचा. कोयता गंजून गळून पडेपर्यंत तो त्या झाडात राही. पडला की सुटला. सहा-सात पावसाळ्यांत सगळे सुटत.

जिजाचा नवरा सुकऱ्या मात्र चौदा वर्षं ऐनाच्या झाडातच होता. जिजा दर बाजारच्या दिवशी परतताना चोरून त्याच्या कोयत्याला करंजाचं तेल चोळी. मग झाडाखाली बसून बाजारातल्या गोष्टी सांगे. वरून खोकल्यासारखं हसू येई.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर जंगलखात्याच्या श्यामकांत गार्डांनी त्या ऐनावर तोडीचा शिक्का मारला. कोयत्याआधी झाड पडलं तर आतला माणूस कायमचा वाऱ्यावर. जिजा गार्डांकडे गेली.

"शिक्का मला पुसता येत नाही, आजी," ते खाली बघत म्हणाले. "हे झाड शेवटी घ्यायला लावतो. होळीपर्यंत."

जिजा ऐनाखाली येऊन बसली. "आता सुटायचं बघ."

"मी कधीचा तयार आहे," वरून सुकऱ्या म्हणाला. "तूच तेल पाजतेस."

"तुला ठाऊक होतं?"

"चौदा वर्षं अंग बुळबुळीत आहे माझं."

"मग बोलला का नाहीस?"

"बाजारातलं मला दुसरं कोण सांगणार?"

जिजा पायी घोलवडला गेली. वाळक्या भोपळ्यात समुद्राचं पाणी भरून आणलं. राखेनं कोयत्याचं तेल काढलं आणि खारं पाणी ओतलं. पाणी संपलं की पुन्हा घोलवड.

"झोंबतं का?"

"झोंबतं. तू सांग, चिकू कसे आहेत यंदा?"

पात्याचे पापुद्रे सुटू लागले, तसं त्याचं हसू बारीक होत गेलं.

होळीनंतर तोडणारे त्या ऐनापाशी पोचले. तोडायचं तेवढं एकच झाड उरलं होतं. श्यामकांतांनी त्यांना दूर बिडी ओढायला बसवलं. भर दुपारी जिजा घोलवडच्या बागेतल्या एका भांडखोर बाईची गोष्ट सांगत होती, तेवढ्यात पाचोळ्यात कोयता पडला. वर कुणी हसलं नाही.

अंतरावरून ऐकत उभे असलेले गार्ड जवळ आले, टोपी काढून पाचोळ्यात बसले.

"त्या बाईचं पुढं काय झालं, आजी?" त्यांनी विचारलं.

जिजानं पदरानं तोंड पुसलं आणि ती सांगायला लागली.