एकतीस मोकळ्या जागा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. विटांचा नाही, साबणाचाही नाही, अक्षरांचा. पुराचा अंदाज बांधणाऱ्या कचेरीतल्या संगणकात मी राहतो.

माझ्या जन्माआधी माझं काम एक गृहस्थ हाताने करायचे. सगळे त्यांना आकडेकाका म्हणत. नदीवरच्या एकतीस ठिकाणांहून पाण्याची उंची कळायची. काका ती ओळीने एका फाइलीत टाइप करायचे आणि त्या फाइलीवरून संगणक पुराचं गणित मांडायचा. एके दिवशी टिंब राहून गेलं आणि २.४ चे २४ झाले. काठावरची अख्खी वस्ती तान्ह्या बाळांना घेऊन शाळेत जाऊन बसली. पाणी आलंच नाही. काकांना कुणी बोललं नाही, पण आठवडाभर त्यांचा डबा भरलेलाच घरी गेला.

कचेरीतल्या इंजिनियर ताई त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. "काका, तुमची सगळ्यात नीट फाइल कुठली?"

"का गं? मला घरी बसवायचंय?"

"छे! ओळी तुमच्याच ठेवायच्या. आकडे तेवढे पुसायचे."

काकांच्या ओळी आणि आकड्यांच्या जागी एकतीस मोकळ्या जागा, असा मी जन्मलो. आता यंत्रांकडून उंची आली, की त्याच क्षणी माझी एक नक्कल निघायची, मोकळ्या जागा भरायच्या, गणित व्हायचं आणि नक्कल पुसली जायची. माझी ही लेकरं अर्धं मिनिट जगायची, पण त्यांचं टिंब कधी चुकलं नाही. पाहुणे येऊन माझं कौतुक करायचे. काका मात्र रोज एक तरी नक्कल पुसण्याआधी डोळ्यांखालून घालायचे.

पुढे काका निवृत्त झाले, ताईंची बदली झाली. मला कुणी उघडेना. काम बिनबोभाट चाललंय म्हटल्यावर उघडायचं कशाला?

आणि मग पुलाजवळचं यंत्र बंद पडलं. आकडा आला नाही, की माझ्या मोकळ्या जागेत शून्य पडायचं. त्या दिवशी दुपारी पुलावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. "बाई, पाणी कठड्याला टेकायला आलंय. तुमचं काय म्हणणं?"

कचेरीतली नवी मुलगी गडबडली. पडद्यावर तर नदी शांत होती. तिने थेट आकडेकाकांना फोन लावला.

"फाइलीत काय आहे ते वाच," काका म्हणाले.

"फाइल उरतच नाही, काका. काम झालं की पुसली जाते."

"मग एक पुसू नकोस. उघड आणि बघ."

तिने उघडली. पुलापुढे शून्य! तिने पहारेकऱ्याला खरी उंची विचारली, स्वतः भरली आणि गणित पुन्हा चालवलं. इशारा गेला. आधीच्या फजितीमुळे लोक कुरकुरले, पण निघाले. तासाभरात त्यांच्या घरांत गुडघाभर पाणी होतं. माणूस मात्र एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी काका काठी टेकत आले. डोळे अधू झालेले, म्हणून मुलीने त्यांना सगळी फाइल वाचून दाखवली. ते प्रत्येक ओळीला "हं, बरोबर" म्हणत राहिले. मग दोघांनी मिळून ठरवलं: आकडा नसेल तर शून्य भरायचं नाही, थांबून माणसाला विचारायचं, आणि रोजची एक तरी नक्कल जपून ठेवायची.

मित्रांनो, मी सांगितलं तेवढं चोख करतो. पण पाणी खरंच कुठवर आलंय, हे मला दिसत नाही. म्हणून एवढंच मागतो: माझं काम नीट चाललेलं असेल, तेव्हाही मला अधूनमधून उघडून वाचत जा.