सांगलीचं नाक

वेंगुर्ल्याच्या ‘बाप्तिस्त काजू’ या कारखान्याचा ब्लॉग डेल्सी लिहायची. काजूबी कशी फोडतात, साल कशी काढतात, असं गोड गोड लिहायची आणि लोकही गोड गोड वाचायचे. दिवाळीच्या मागण्या आता थेट त्या ब्लॉगवरूनच येत होत्या. त्या टिकल्या तर सोलणाऱ्या बायकांना दिवाळीपर्यंत काम होतं, नाही तर बसा घरी.

आणि नेमक्या तेव्हाच सांगलीच्या नलिनीताई ब्लॉगखाली कडाडल्या. ‘आम्ही शुद्ध शाकाहारी. तुमच्या काजूंना सुक्या मासळीचा वास येतो!’

डेल्सीने त्याच मालाचं पाकीट फोडून हुंगलं. काहीच नाही. सोलणाऱ्या बायकांची म्होरकी तुळसा, तिने हुंगलं. तिलाही काही नाही. शेवटी मालक बाप्तिस्त आले. त्यांना सगळे ‘पात्रांव’, म्हणजे धनी, म्हणत, कारण त्यांच्या आजोबांनाही म्हणत. त्यांनी तर पाकिटात अख्खं तोंड घातलं.

“खंयचो वास गो? माका तरी येणा नाय. बाई भांडकुदळ आसा. लिव तिका.” आणि त्यांनी कचेरीतलं कडक मराठी सांगितलं: आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आमचे उत्पादन उच्च दर्जाचे असून इत्यादी इत्यादी.

डेल्सीने ते टाकलं मात्र, आगीत तेल पडलं. ‘आम्हालाही वास आला!’ ‘तिकडे कोणी जिवंत माणूस आहे का?’ फोन नुसता टुणटुण वाजत होता. तेवढ्यात पार्सलं न्यायला पोस्टातले नवे बाबू आले. लातूरकडचे, गळ्यात तुळशीची माळ. डेल्सीने चार काजू त्यांच्या हातावर ठेवले. हात नाकाजवळ नेला आणि बाबू थेट पायरीपर्यंत मागे सरकले.

डेल्सीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वास होताच! येत नव्हता तो फक्त त्यांना, लहानपणापासून सुक्या मासळीच्या बाजारात वाढलेल्या नाकांना.

ती धावत बोरम्यात गेली. बोरमा म्हणजे काजूगर वाळवायची ऊबदार खोली. तिथे कोपऱ्यात खुंटीला भलीमोठी पिशवी, आणि पिशवीत सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी. दमट हवेत घरातलं सुकं मऊ पडतं, तेव्हा ऊब मिळेल तिथे टांगायचं, ही इकडची जुनीच रीत.

“कोणाची गो ही?”

तुळसा पदराआड हसली. “पात्रांवाचीच. दुसऱ्या कोणाची हिंमत आसा?”

मागोमाग आलेल्या पात्रांवांचा चेहरा शिजवलेल्या सुंगटासारखा लाल झाला. डेल्सी म्हणाली, सगळं खरं लिहूया.

“शाकाहारी लोकांक सुंगटां सांगतलंस? धंदो बुडतलो!”

“लपयलां म्हणान वास लपता काय, पात्रांव?”

ते येरझाऱ्या घालू लागले. मग म्हणाले, “बरां. पण कामगाराकडसून चूक झाली, असां लिव.”

दारात तुळसा उभी होती. तिचं मघाचं हसू मावळलं होतं. पात्रांवांनी तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. माणूस तापट होता, पण वाईट नव्हता.

“नको. मालकान ठेयली असां लिव. माझा नाव घाल.”

डेल्सीने लिहिलं. सुंगटं, खुंटी, तोंड घालून हुंगलेलं पाकीट, सगळं. ‘सुंगटं काजूंना लागली नव्हती, वास मात्र लागला. त्या खेपेचं प्रत्येक पाकीट परत घेऊ. आम्हाला वास का कळला नाही? कारण आमची नाकं वेंगुर्ल्याची आहेत. – बाप्तिस्त, मालक.’ आणि बटण दाबलं.

काही गिऱ्हाइकं गेलीच. एकाने तर जन्मात काजू खाणार नाही म्हणून शपथ घेतली. पण बाकीचे हसत सुटले. कोणी आपल्या कारखान्यातले घोटाळे सांगितले, कोणी सुंगटांचं लोणचं कसं करतात ते विचारलं. पात्रांव स्वतः एका बोटाने उत्तरं टाइप करायला बसले, तेही मालवणीत! मागण्या मात्र अडल्याच होत्या. सगळे एकच विचारत: नलिनीताई काय म्हणतात?

दुसऱ्या दिवशी त्या बोलल्या. ‘चूक कबूल केलीत, बरं वाटलं. पण तुमच्या नाकांवर माझा काडीचा विश्वास नाही. बोरमा धुवा, नवा माल काढा आणि पहिलं पाकीट मला पाठवा. मी हुंगीन, मग लोकांना सांगेन.’

मग काय विचारता! बोरमा घासून घासून चकचकीत झाला. पाकीट गेलं आणि सगळा कारखाना सांगलीकडे कान लावून बसला. पात्रांवांचं जेवणावरचं लक्ष उडालं. बायका सालं काढता काढता डेल्सीच्या फोनकडे बघत.

एका सकाळी फोन टुणकन वाजला. डेल्सी सोलायच्या खोलीत जाऊन ओरडूनच वाचू लागली:

‘हुंगलं. वास नाही. सुनेने हुंगलं, तिलाही नाही. खात्री करता करता पाकीट संपलं. दिवाळीचे काजू पाठवा, आणि बाकीच्यांनीही बिनघोर मागवा.’

खोलीत असा कल्ला उठला की रस्त्यावरची माणसं थांबली. पात्रांवांनी डोळे पुसले आणि धूर गेला म्हणाले, जरी भट्टी अजून पेटलीच नव्हती. आणि त्या गोंधळात तुळसाचा आवाज सगळ्यांच्या वर चढला:

“गो डेल्सी, त्या बायेक सांग, उद्यापासून नाक घेवन कामार ये म्हणान!”