दोन गाठींची वायर

माझा नवरा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला ते आठवेलच असं नाही. तो नकाशे काढायच्या कचेरीत कामाला आहे आणि घरात कुठलीही वस्तू एकापेक्षा जास्त ठेवत नाही. एक हातोडी, एक टॉर्च, प्रत्येक जातीची एक वायर. बाकी सगळं कचऱ्यात, आणि जे उरलं ते चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांत. मी शिवणकाम करते. माझ्या तीन कात्र्या त्याच्यापासून कापडाच्या गठ्ठ्यात लपवून ठेवते.

मागच्या महिन्यात त्याने घरातल्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स घातलं. "फुकट आहे, व्हायरस नाही, आणि कुणाच्या बापाचं मिंधं नाही," असं तो येईल-जाईल त्याला सांगत होता. मी म्हटलं, घाल बाबा. मला त्या यंत्राशी एकच काम असतं, ते म्हणजे धाकटीचे धडे.

धाकटी म्हणजे माझी बहीण. चार वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली, तेव्हापासून ती आमच्याकडेच असते. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर एक जागा निघाली होती, तिची परीक्षा सोमवारी होती. जागा एकच आणि पुस्तकाचे धडे बावीस. संध्याकाळी शिलाई मशीन बंद केलं की मी माइकसमोर बसून धडा वाचायचे, तो कॉम्प्युटरमध्ये ठेवायचे आणि मग तिच्या प्लेअरमध्ये भरायचे. प्लेअर म्हणजे काडेपेटीएवढी डबी, एक चिमुकला स्क्रीन आणि सहा बटणं. बटणं उठावाची, म्हणून तिला तो जमतो. मोबाइलच्या गुळगुळीत काचेला ती आंधळ्याची थट्टा म्हणते.

नऊ धडे लिनक्सच्या आधीच भरून झाले होते. तेव्हा प्लेअर कॉम्प्युटरला तीच जोडून द्यायची, मी फक्त फाइली ओढायचे. उरलेले तेरा वाचून संपले ते बुधवारी दुपारी. मी तिच्या खोलीत गेले. ती कानात इअरफोन घालून बसली होती.

"दे इकडे, पाच मिनिटांत भरून आणते," म्हणत मी तिच्या हातातून प्लेअर काढून घेतला.

"ताई, अगं थांब ना," असं काहीतरी ती म्हणाली. मी थांबले नाही. मला घाई होती.

संध्याकाळी नवऱ्याने 'वायर, बारीक तोंड' अशी चिठ्ठी असलेला डबा उघडला, वायर काढली आणि प्लेअर जोडला. प्लेअरच्या स्क्रीनवर बॅटरीचं चित्र भरायला लागलं. कॉम्प्युटर मात्र ढिम्म, त्यात प्लेअर दिसेचना.

"वायर खराब नाही ना?" मी विचारलं.

"चार्ज होतोय, दिसत नाही का? करंट जातोय म्हणजे वायर ठीक."

या एका वाक्याने आमचे पुढचे तीन दिवस खाल्ले.

गुरुवारी त्याने काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवली. मी म्हणत होते, तुझ्या लिनक्सनेच घात केला, आधी सगळं सुरळीत चाललं होतं. तो म्हणत होता, लिनक्सचा दोष नाही, प्लेअर बनवणारेच चोर आहेत. इंटरनेटवर कुणी एक शहाणा उंटावरून शेळ्या हाकत होता, 'माझ्याकडे तर लगेच दिसतो.' त्याचा गळा धरावासा वाटला. नवऱ्याने कसल्या कसल्या परवानग्या बदलल्या, काय काय उतरवून घेतलं, चार वेळा कॉम्प्युटर बंद-चालू केला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

शुक्रवारी सकाळी धाकटी भिंतीला हात लावत दारापर्यंत आली. "झालं का?"

"होतंय, होतंय. सॉफ्टवेअरचं आहे, तू काळजी नको करू," नवरा मान न वळवता म्हणाला.

"भावोजी, मी बघू का जरा?"

"तू काय बघणार आहेस!" मी ओरडले.

तोंडातून गेलं ते गेलंच. दोन रात्रींची अपुरी झोप होती, एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज दोनदा उसवून झाला होता. ही कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही चालण्यासारखं नाही. ती तशीच भिंतीच्या कडेने परत गेली. दार लावल्याचा आवाज आला. मी जाऊन माफी मागायला हवी होती. मी गेले आणि ब्लाउज तिसऱ्यांदा उसवला.

त्याच संध्याकाळी नवरा म्हणाला, "एक उपाय उरलाय. प्लेअर आतून पूर्ण पुसायचा, म्हणजे कॉम्प्युटर त्याला नव्याने ओळखेल. धडे तर सगळे आपल्याकडे आहेतच. पुसू?"

"पूस एकदाचा," मी म्हणाले.

त्याने प्लेअरची बटणं दाबून तो पुसला. कॉम्प्युटरने तरीही ओळख दाखवली नाही.

शनिवारी दुपारी तळपायाची आग मस्तकात गेली. मी वायरसकट प्लेअर उपटला. "पुरे झालं तुझं बिनमिंधं यंत्र! परवा परीक्षा आहे पोरीची!" नवराही चिडला, म्हणाला, "मग तूच कर ना!" मी तरातरा धाकटीच्या खोलीत गेले आणि सगळं तिच्या मांडीवर ठेवलं. "घे. नाही होत. दोन दिवस मी बसून सगळं तोंडी वाचते."

तिने आधी प्लेअर चाचपला, मग बोटं वायरवरून टोकापर्यंत नेली आणि थांबली.

"ही कुणाची?"

"कुणाची म्हणजे? डब्यातली."

"ही भावोजींच्या दाढीच्या मशीनची आहे. हिच्यातून नुसता करंट जातो, बाकी काही जात नाही. मी मागेच लावून बघितली होती." तिने उशीखाली हात घातला आणि दुसरी वायर काढली. जाडसर, टोकाला दोऱ्याच्या दोन गाठी. दोरा माझ्याच मशीनवरचा होता. "माझी ही. रोज हिनेच तर चार्ज करते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि कळसा जिच्या काखेत, तिलाच आम्ही दाराबाहेर घालवलं होतं.

ती उठली, भिंतीच्या कडेने कॉम्प्युटरपाशी आली. नवरा खुर्चीवरून बाजूला झाला. तिने चाचपून जागा शोधली आणि वायर खुपसली. टिंग असा आवाज झाला आणि स्क्रीनवर प्लेअरचं चित्र उमटलं.

"आला!" नवरा पोरासारखा ओरडला. मीही हसले. मला रडू येत होतं, पण हसले.

"माझ्या नोंदी आधी कॉम्प्युटरमध्ये घ्या," धाकटी म्हणाली. "प्लेअरचा भरवसा नाही राहिला."

"कसल्या नोंदी?"

"माझ्या आवाजातल्या. धडे ऐकताना मी प्लेअरमध्येच बोलून ठेवते. काय कळलं, काय चुकतं, इस्पितळातल्या विभागांचे नंबर. चार महिन्यांच्या आहेत. एकशे चाळीस होत आल्यात."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघितलं. प्लेअरच्या आत काहीही नव्हतं.

सांगायला मलाच लागलं. 'पूस' मी म्हणाले होते.

मला वाटलं ती किंचाळेल. किंचाळली असती तर बरं झालं असतं. ती सावकाश म्हणाली, "माझी वस्तू होती. मी शेजारच्या खोलीत होते. एकदा विचारलं असतं तर?"

"तुला उगीच त्रास नको म्हणून..."

"माझा त्रास पण तुम्हीच घ्या आता. निदान जुने नऊ धडे तरी मी तीन दिवस ऐकले असते, ताई. ते पण काढून नेलेस हातातून."

"पुसलेलं परत काढता येतं बहुतेक," नवरा घाईघाईने म्हणाला. "एक प्रोग्रॅम असतो, मी रात्रीत..."

"हात लावू नका," ती म्हणाली. "बावीस धडे भरा आणि द्या."

भरायला चार मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं म्हणून माहीत आहे. तिने स्वतः वायर काढली, गुंडाळली, गाठी वर येतील अशी धरली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी दाराशी गेले. ठोठावायला हात उचलला, तेवढ्यात आतून बटणाचा आवाज आला आणि मग तिचा, कोरडा, टेलिफोनवर बोलावं तसा स्पष्ट.

"नोंद पहिली. प्लेअर कुणाच्याही हातात द्यायचा नाही. ताईच्या तर नाहीच."

मग थोडं थांबून तिने मीच वाचलेला पहिला धडा लावला. माझाच आवाज आतून ऐकू येत होता, आणि मी बाहेर दाढीच्या मशीनची वायर हातात घेऊन उभी होते.