तीस कप आणि निळी शाई

कपबशांच्या त्या कारखान्यात तिला सगळे टिचकीमावशी म्हणत. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप तिच्या हाताखालून जायचा. डाव्या तळहातावर कप ठेवायचा, बोटभर लाकडी काठीने त्याच्या काठावर टिचकी मारायची आणि ऐकायचं. चांगला कप खणकन वाजतो, केसाएवढा तडा गेलेला बद्द वाजतो. डोळ्यांना न दिसणारा तडा मावशी कानाने पकडायची, तेही शेजारणीशी गप्पा मारता मारता. तीस वर्षांत तिने पास केलेला एकही कप गळतो म्हणून परत आला नव्हता.

भट्टी सांभाळायचे ते तिचे यजमान. "मी भाजतो आणि ही नापास करते, असा आमचा संसार," असं ते ज्याला त्याला सांगत.

पण त्या वर्षी नापासांचा ढीग वाढू लागला. आधी शेकड्यात पाच, मग दहा, मग वीस.

"अहो, भट्टी लवकर उघडता का? गार वारा लागून तडकतायत सगळे."

"चाळीस वर्षं उघडतोय. आज मला शिकवतेस?"

घरीही लोकांना काय झालं होतं कोण जाणे, सगळे तोंडातल्या तोंडात बोलत. सुनेचं निम्मं बोलणं कळायचं नाही. नात फोनवर चिवचिवायची, त्यातलं तर अक्षर कळेना. यजमानांचा ढोलासारखा आवाज तेवढा नीट यायचा. जेवणाच्या सुट्टीत बायका हसल्या की मावशीही हसायची, कशाला ते न कळताच. पुढे पुढे ती डबा घेऊन एकटीच खिडकीशी बसू लागली.

शेवटी कारखान्याच्या मालकीणबाईंनी भट्टीवाल्यांना बोलावून घेतलं. वयाने मुलीसारख्या, म्हणून त्यांनाच जड गेलं. "काका, सोमवारपासून भट्टीवर नवा माणूस येतोय. तुम्ही गोदाम बघा."

घरी येताना भट्टीवाल्यांनी बायकोने नापास केलेले तीस कप खोक्यात भरून आणले. रविवारी सकाळी ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीने मांडले आणि प्रत्येकात निळी शाई कालवलेलं पाणी ओतलं. तड्यात शाई शिरली की निळी रेघ उमटते आणि घासूनही जात नाही. शंका मिटवायची ही जुनी युक्ती.

"ओट्यावर हे काय मांडलंय?" मावशी कडाडली.

"तू दिलेला निकाल. बघू या."

दुपारी त्यांनी कप रिकामे करून धुतले. तीसच्या तीस पांढरेशुभ्र. एकावरही रेघ नाही.

मावशीने काठी घेतली. पहिला कप वाजवला, बद्द. दुसरा, बद्द. तिसरा, तोही बद्द. तेवढ्यात पलीकडून सून आली. "आई, किती गोड वाजतंय हो! घंटेसारखं!"

मावशीचा हात तसाच राहिला. तिने सुनेच्या तोंडाकडे बघितलं, मग कपाकडे. काठी ओट्यावर ठेवली.

"अहो, भट्टी नीट आहे," ती म्हणाली. "माझेच कान गेलेत."

"अगं, असेल सर्दीबिर्दी."

"वर्षभर सर्दी? चला, चपला घाला."

"कुठे?"

"मालकीणबाईंकडे. उद्या सोमवार आहे."

"अगं पण तुझं काम जाईल! नाव जाईल!"

"आणि तुमचं नाव मी घालवलं, त्याचं काय?"

मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. मावशीने बसायचीही वाट पाहिली नाही. "बाई, वर्षभर मी चांगले कप नापास करून फोडायला लावले. ह्यांचा काही दोष नाही. भट्टी ह्यांच्याकडेच राहू दे, माझ्या जागी दुसरी बघा." बाईंनी तिथूनच नव्या माणसाला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं आणि मावशीला म्हणाल्या, "दुसरी बघायच्या आधी डॉक्टर बघा."

कानाच्या डॉक्टरबाई बडबड्या होत्या. मळ नाही, पडदा शाबूत, असं बघून त्यांनी मावशीला काचेच्या खोलीत बसवलं आणि बारीक-जाड आवाज ऐकवले. मग समजावलं. "कानाच्या आत केसांसारख्या नाजूक पेशी असतात. वयाबरोबर त्या झिजतात. आधी बारीक, उंच आवाज जातात. बायकापोरांचं बोलणं, पाखरं आणि तुमचे कप! त्यात कारखान्यातल्या माती दळायच्या चक्कीची घरघर इतकी वर्षं."

"औषध द्या."

"झिजलं ते परत येत नाही. कानात यंत्र घातलं तर मात्र बरंच ऐकू येईल. सवय व्हायला महिना दोन महिने लागतील. पळायचं नाही!"

पहिला आठवडा मावशी पळायच्याच बेतात होती. नळ धबधब्यासारखा कोसळे, वर्तमानपत्राचं पान फटाक्यासारखं फुटे. पण नातीचा फोन आला तेव्हा तिने अर्धा तास तो सोडला नाही. यंत्राची थोडी सवय झाली तेव्हा ती डॉक्टरबाईंकडे दोन चांगले आणि दोन तडकलेले कप घेऊन गेली, आणि दोन्हींतला फरक नीट कळेपर्यंत त्यांना यंत्र जुळवायला लावलं.

दोन महिन्यांनी ती पुन्हा आपल्या बाकावर बसली. मालकीणबाई, बायका, भट्टीवाले, सगळे भोवती. खण, खण, खण. अठराव्या कपाला ती थांबली. "हा बद्द."

भट्टीवाल्यांनी कप हिसकावून घेतला, कानाशी धरून वाजवला. पुन्हा वाजवला. "बरा तर आहे!"

मालकीणबाईंनी वाजवून पाहिला. "नाही काका, साफ बद्द आहे."

सगळ्यांनी भट्टीवाल्यांकडे पाहिलं. मावशीचे डोळे बारीक झाले. "म्हणून त्या दिवशी शाई! नुसती टिचकी मारली असती तर तिथेच कळलं असतं. तुम्हाला केव्हापासून ऐकू येत नाही?"

"झाली असतील आठ-दहा वर्षं. मला सगळेच कप सारखे वाजतात," ते खाली बघत पुटपुटले.

"आणि बोलला नाहीत?"

"तू होतीस ना ऐकायला."

बायका खो खो हसल्या. या वेळी कशाला ते मावशीला नीट कळत होतं, पण तिला हसू आवरून पदर डोळ्यांना लावावा लागला. मग तिने काठी खाली ठेवली आणि त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडली, "बुधवारी! दहा वाजता! डॉक्टरबाईंकडे!"

"एवढं ओरडतेस कशाला?" भट्टीवाले म्हणाले. "अकराला नाही का चालणार?"