पडद्याआडची आई

मित्रांनो, मी एक जुना काळा पडदा आहे. आता कसरीने माझी चाळण केली आहे, पण एके काळी माझाही रुबाब होता. एका नाटक कंपनीने मला विकून टाकले आणि शहरातल्या पहिल्या फोटोवाल्यांनी मला घेतले. जुन्या तटाला लागून त्यांचे घर होते आणि माडीवर काचेच्या छपराची खोली. तिथला सारा कारभार उन्हावर चाले. ढग आला की गिऱ्हाईक आणि फोटोवाले दोघेही वर बघत बसत.

तेव्हा फोटो चुटकीसरशी निघत नसे. कॅमेऱ्याचे झाकण काढले की ते परत लावेपर्यंत पुतळ्यासारखे बसायचे. जरा हलले की चेहऱ्याचा नुसता धूर. मोठी माणसे जीव मुठीत धरून बसत, पण तान्ह्या मुलांनी फोटोवाल्यांच्या नाकी नऊ आणले. त्यात घरच्यांना हवा असे बाळाचा एकट्याचा फोटो. मग फोटोवाल्यांनी युक्ती काढली. आईला खुर्चीवर बसवायचे, तिच्या डोक्यावरून मला पांघरायचे आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवायचे. आई आतून त्याला घट्ट धरी. कागदावर छापलेल्या फोटोत तिची बोटे दिसलीच, तर फोटोवाले ती रंगाने बुजवत. लोक वाहवा करत आणि मीही मनातून फुगत असे.

एकदा अशीच एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. माझ्याखाली तिला घाम फुटला होता, तरी ती हलली नाही. बाळ मुसमुसू लागले तशी ती हळूच म्हणत राहिली, "मी आहे ना, मी आहे ना." फोटो छान आला. पुढे गावात तापाची साथ आली आणि त्यात ती आई गेली.

बऱ्याच वर्षांनी तीच मुलगी, कडेवर स्वतःचे बाळ घेऊन, माडी चढून आली. घरात आईचा एकही फोटो नव्हता. आपला फोटो काढला त्या दिवशी आईचाही एखादा काढला असेल, एवढ्या आशेने ती आली होती. म्हाताऱ्या फोटोवाल्यांनी फडताळातून तिचा तो फोटो जिच्यावर उतरला होता ती मूळ काच काढली आणि बोटे न बुजवता फोटो पुन्हा छापून दिला.

"तुझी आई यातच आहे, पोरी," ते म्हणाले. "मीच झाकली तिला."

बाळाच्या कमरेभोवती चार बोटे दिसत होती. मुलीने आपला हात त्यांच्याशेजारी ठेवून पाहिला आणि तिला रडू आवरेना. तिच्या आईचा चेहरा मी किती जवळून पाहिला होता. पण मला तो दाखवता येत नव्हता. असे दुःख मला पुन्हा कधी झाले नाही.

नंतर तिच्या बाळाचा फोटो काढायचा ठरला. सवयीने फोटोवाल्यांचा हात माझ्याकडे वळला.

"मला झाकू नका, काका," ती म्हणाली.

व्हायचे तेच झाले, बाळ हलले. त्याच्या चेहऱ्याचा धूर झाला, आई मात्र स्वच्छ आली. फोटोवाले ओशाळून दुसरा काढायला निघाले. तिने तोच मागून घेतला. हा मोठा झाला की त्याला हाच लागेल, असे ती म्हणाली.

त्यानंतर मला कुणी खुंटीवरून काढले नाही. पुढे मी पेटीत गेलो, तो तिथेच आहे. माझे जाऊ द्या. मित्रांनो, तुमच्या घरी आज ढीगभर फोटो असतील. तुम्हाला धरून बसलेली, नाहीतर तुमचा फोटो काढत उभी असलेली आई त्यातल्या किती फोटोंत आहे, ते एकदा बघा. नसेल तर तिला आजच समोर बसवा. ती म्हणेल, माझा काय अवतार झालाय, नंतर काढ.

तिचे तेवढे ऐकू नका.